बोलायचा भाव आणि द्यायचा भाव

"जोशी साहेब, ती किंमत काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

भाऊसाहेबांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. घरून काम करणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस, असा आमच्या घरात ठाम समज आहे. त्यामुळे मेथी, शेवग्याच्या शेंगा, गॅसवाला आणि पाण्याचा टँकर ही खाती माझ्याकडे आहेत. हात भाजीचे होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता.

"कोणती किंमत?"

"आपल्या मशीनची! साइटवरची! दादाराव पिशोरहून निघालाय. लई तापलाय. त्यो वाळूजला पोचायच्या आत काढा."

"भाऊसाहेब, किंमत टाकायचं आपणच ठरवलं होतं ना?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी हो म्हणलो होतो."

फोन बंद झाला. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आता काय मोडलंत?"

"वेबसाइट मोडत नाही गं," मी म्हणालो. ते खरंच होतं. साइट अगदी शाबूत होती. मोडायला निघालं होतं ते दुसरंच काहीतरी.

थोडं मागे जाऊन सांगतो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं कॉम्प्युटर डिपार्टमेंट सांभाळत होतो. कंपनीने एके दिवशी ते डिपार्टमेंट पुण्याला हलवलं. मला हलवायचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी गारखेड्यातल्या घरी बसून छोट्या उद्योगांच्या वेबसाइट बनवतो. भाऊसाहेब माझे क्लायंट. मूळ फुलंब्रीकडचे शेतकरी, वाळूजमध्ये त्यांचं वर्कशॉप आहे. तिथे कडबाकुट्टीची मशीन तयार होते. ज्यांनी जनावरं पाळलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीचा वाळलेला कडबा म्हशीपुढे अख्खा टाकला तर ती पाला खाते आणि उरलेली धांडं तुडवते. तोच कडबा मशीनमधून घातला की आतली फिरती पाती त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात, आणि म्हैस सगळं संपवते. वैरण पुरते, दूधही बरं निघतं.

भाऊसाहेब मशीन थेट विकत नाहीत. तालुक्यातालुक्यात त्यांचे डीलर आहेत. पिशोरचे दादाराव त्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात जास्त माल उचलणारे.

साइटची कल्पना भाऊसाहेबांची नव्हती. ती त्यांच्या सुनेची, वैशालीची. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. लग्नाआधी वाळूजच्याच एका मोठ्या प्लँटमध्ये क्वालिटीला होती. ती नोकरी सोडून ती घरच्या वर्कशॉपमध्ये आली, ते सासऱ्यांना पटवून. भाऊसाहेबांनी तिला एक टेबल दिलं, एक फोन दिला आणि म्हणाले, "ज्वारीचा सीझन बघू. जमलं तर जमलं." नाही जमलं तर काय, हे ते बोलले नाहीत. वर्कशॉपमध्ये मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्यांदा साइटवर किंमत नव्हती. मशीनचा फोटो, मोटर केवढी, ताशी किती कडबा कापते, आणि खाली हिरवं बटण: 'किमतीसाठी फोन करा'. आमच्या धंद्यात याला 'प्राइस ऑन रिक्वेस्ट' म्हणतात. गिऱ्हाईकाने एकदा फोन केला की त्याला बोलून धरता येतं, असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात झालं असं की सकाळपासून वैशालीचा फोन वाजायला लागायचा, आणि पलीकडून एकच शब्द यायचा.

"केवढ्याला?"

"दादा, तुमचं गाव कोणतं? तुमच्या जवळच्या डीलरचा नंबर देते."

"ते राहू द्या. केवढ्याला?"

"ते डीलर सांगतील."

"मंग तुम्ही कशाला बसलात?" की फोन कट.

एकदा मी तिथे असताना एका बाईंचा फोन आला. फुलंब्रीजवळच्या एका गावातून. आवाज अगदी हळू. "ताई, मला फकस्त आकडा सांगा. आकडा कळला म्हंजे मालकांशी बोलायला बरं पडंल. दुकानात मी एकटी कशी जाऊ विचारायला?" वैशालीने इकडेतिकडे बघितलं आणि डीलरचा नियम मोडून आकडा सांगून टाकला. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळली. "सर, किंमत टाकू या."

मग मीटिंग. भाऊसाहेब, वैशाली, मी आणि शेजारी ग्राइंडरचा आवाज. मी तयारीने गेलो होतो.

"भाऊसाहेब, गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न काय असतो? केवढ्याला. आणि आपण तेवढंच लपवतोय."

"लपवत नाय. सांगतो की. समोर आल्यावर सांगतो."

"समोर यायच्या आधी सांगितलं तर काय बिघडेल?"

"मंग समोर यायचं कशाला त्यानं?"

मग मी 'ट्रान्सपरन्सी' हा शब्द वापरला. त्या शब्दाचा एक फायदा आहे. समोरच्याला तो कळला नाही तरी विरोध करायला संकोच वाटतो. भाऊसाहेबांनी सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली.

"बरं, टाका," ते म्हणाले. "पण कोणता भाव टाकायचा? बोलायचा का द्यायचा?"

बोलायचा भाव म्हणजे दुकानदार सुरुवातीला तोंडाने सांगतो तो. द्यायचा म्हणजे घासाघीस होऊन मशीन शेवटी ज्या भावात टेम्पोत चढते तो. दोन्हींत दोन-अडीच हजारांचा फरक. त्या फरकात काय काय राहतं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

"द्यायचा," मी ताठ मानेने म्हणालो. "एकच किंमत. खरी."

"हो नाना, खरीच टाकू," वैशालीही म्हणाली. सासऱ्यांना ती नाना म्हणते.

त्या रात्री जेवताना मी घरी ट्रान्सपरन्सीचं महत्त्व पुन्हा एकदा सांगितलं. बायकोने शांतपणे विचारलं, "तुमच्या स्वतःच्या साइटवर कुठं आहेत रेट?"

"माझं वेगळं आहे. प्रत्येक क्लायंटचं काम वेगळं असतं."

"त्यांचंही तेच म्हणणं असेल."

मी वरणाकडे लक्ष दिलं. खरं तर तिने आणखी मागे जायला हरकत नव्हती. माझे वडील भिक्षुकी करायचे, आजोबाही. आमच्या घरात दक्षिणेचा आकडा कुणी कधी उच्चारला नाही. "तुमच्या इच्छेने" एवढंच म्हणायचं आणि पंचांगाकडे बघत बसायचं. अशा घरातला मी वाळूजमध्ये जाऊन लोकांना आकडे टाकायला शिकवत होतो.

सुरुवात मात्र छान झाली. किंमत दिसायला लागली आणि 'केवढ्याला'चे फोन जवळजवळ थांबले. जे फोन यायचे ते कामाचे असायचे. सिंगल फेजवर चालते का? ओला घासपण कापते का? चाकं लावून मिळतात का? मी वैशालीला म्हणालो, "बघा." ती म्हणाली, "हो सर." आम्ही दोघं एकमेकांवर खूश होतो. आणि मग मेथीच्या वेळेस तो फोन आला.

मी किंमत काढली नाही. हात धुतले आणि वाळूजला गेलो.

दादाराव आधीच पोचले होते. साठीचे, पांढरा शर्ट, पायजमा, खुर्ची असून उभे. मला बघितल्याबरोबर त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, "हेच का ते?"

"हेच."

"साहेब, तुम्ही माझ्या दुकानाचा बाजार उठवला."

"पण दादाराव, किंमत तर तीच आहे. तुम्ही शेवटी ज्या भावात देता तीच."

"तेच तर!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "अहो, मशीन घ्यायला माझ्याकडं एकटं कोण येतं का? संगं पाव्हणा असतो. मेव्हणा असंल, मामा असंल, नाय तर गावातला जाणता माणूस. त्याला आणतात कशाला? भाव पाडायला. मी भाव बोलायचा, त्यानं नाय म्हणायचं, मी च्या मागवायचा, त्यानं अजून पाडायचं, मी सोडायचं. घरी जाऊन त्यो सांगतो, मी होतो म्हणून एवढे वाचले. त्याची इज्जत राहती, माझं मशीन जातं. आता काय झालंय? बसल्या बसल्या मोबाइल काढतात अन् तुमचा आकडा दाखवतात. तुमचा द्यायचा भाव त्यांना बोलायचा वाटायलाय! पाव्हणा म्हणतो, हे कंपनीचं झालं, आता तुमचं बोला. काय बोलू? अंगावरची कातडी काढून देऊ?"

"त्यांना सांगायचं की हाच शेवटचा भाव आहे."

"साहेब, शेवटचा भाव कधी पहिल्यांदा सांगतात का?"

मी ट्रान्सपरन्सी हा शब्द तोंडाशी आलेला परत गिळला.

"गिऱ्हाईकं उठून चाललीत, भाऊसाहेब," दादाराव आता हळू बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. "जालन्याचा एक मशीनवाला कवाचा मागं लागलाय माझ्या. त्याची किंमत कुठंच लिहिलेली नाय. तुमची ही अशीच राहणार असंल तर मी त्याचा माल उतरवतो. राग मानू नका."

दादाराव गेले तर वर्कशॉपचं किती काम जाईल, हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सुनेला म्हणाले, "साइट बंद करू, वैशाली. अन् तुझ्या जुन्या कंपनीत जागा असंल तर बघ. तुझं शिक्षण तिकडचं हाय. इथं उगं अडकून पडशील."

ते रागाने बोलले असते तर तिला भांडता आलं असतं. ते मायेने बोलले. तिच्या टेबलावर मशीनचं एक झाकण होतं. त्याची कड ती अंगठ्याने घासत राहिली. मग दादारावांकडे वळली.

"काका, परवा तुमच्याकडं बाजार ना? मी दुकानात येऊन बसते. सरही येतील."

"येऊन काय करणार?"

"बघणार."

"अन् तवर किंमत?"

"तेवढी राहू द्या."

भाऊसाहेब म्हणाले, "बाजारापुरती."

मला न विचारता माझ्या नावावर पिशोरचा दौरा लागला होता. तक्रार करायच्या परिस्थितीत मी नव्हतो.

बाजाराच्या दिवशी आम्ही फुलंब्रीवरून पिशोरला गेलो. दादारावांचं दुकान म्हणजे पाइपांची भेंडोळी, पाण्याच्या मोटरी, फवारणीचे पंप आणि दारात आमची हिरवी मशीन. आम्ही आतल्या बाकावर बसलो. दादारावांनी बजावलं, "मधी बोलायचं नाय."

पहिल्या दोघांनी मशीन नुसती हलवून बघितली आणि गेले. मग एक जोडपं आलं, बरोबर बाईंचे मामा. पांढरी टोपी, भरघोस मिशा, काखेत पिशवी. नवरा दारातच उभा राहिला. बाई सरळ मशीनपाशी गेल्या. "पेंढी घालताना हात कुठवर जातो?" "धांडं अडकलं तर बंद करायला बटण कुठंय?" सगळे प्रश्न त्यांचेच आणि सगळे नेमके. त्यांच्या उजव्या हाताला कापडाची पट्टी बांधलेली होती. कोयत्याने कडबा तोडताना लागलं असावं.

"बाई, तू थांब जरा," मामा म्हणाले आणि खुर्चीत बसले. "हां, बोला दादाराव."

दादारावांनी साइटवरचा आकडा सांगितला. दुसरं करणार काय?

"ते मोबाइलात बघितलं आम्ही. आता तोंडानं बोला."

"मामा, त्याच्याखाली कंपनीच देत नाय."

"कंपनी काय पिशोरात बसती? तुम्ही बसता."

चहा आला. मामांनी कप उचलला नाही, दोन बोटांनी पुढे सरकवला. तिकडे चहा नाकारला म्हणजे बोलणं संपलं. दादारावांनी आमच्याकडे असं बघितलं की मी पाइप मोजायला लागलो.

"मामा, राहू द्या ना," बाई हळूच म्हणाल्या. "भाव बराबर हाय."

"बराबर हाय तर मला कशाला आणलं?" मामा उठले. "तुमचं तुम्ही यायचं होतं. मोबाइल होताच की संगं."

बाईंना मशीन हवी होती. नवऱ्याला चालणार होतं. दादारावांना विकायची होती. किंमतही सगळ्यांना मान्य होती. तरी मशीन दारातच राहणार होती, कारण मामांना रिकाम्या हाताने घरी जायचं नव्हतं. त्यांच्याकरता आम्ही काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

वैशाली बाकावरून उठली. मी तिची ओढणी धरणार होतो, पण तेवढी ओळख नव्हती.

"मामा, मी कंपनीतून आलेय," ती म्हणाली. "किंमत मला सोडता येत नाही. तुम्हाला सोडली तर काल ज्यांनी नेली त्यांनी काय घोडं मारलं? पण तुम्ही एवढ्या लांबून आलात. तुमच्या शब्दाखातर पात्यांची एक जोडी जादा देते. नवी."

मामांनी दादारावांकडे बघितलं. दादारावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण माणूस उभा जन्म गल्ल्यावर बसलेला. "अहो ताई!" ते ओरडलेच. "असं आजवर कुणालाच दिलं नाय आपण!"

हे अगदी खरं होतं.

"कुणालाच नाय?" मामांनी विचारलं.

"आईशप्पथ कुणालाच नाय."

मामा बसले. कप स्वतःकडे ओढला. "अन् ग्रीसचा डबा?"

"घ्या."

"अन् बेल्ट?"

"मामा!" दादारावांनी हात जोडले. बाईही हसल्या आणि दारातला नवराही. मामांनी चहा बशीत ओतला.

मशीन टेम्पोत चढताना मामा शेजारच्या दुकानदाराला सांगत होते, "पाती काढून घेतली त्यांच्याकडनं. देत नव्हते."

त्या दिवशी आणखी मशीनही गेल्या, सगळ्या साइटवरच्याच भावात. तरी परतताना वैशाली काळजीत होती. मी म्हणालो, "पात्यांचं एवढं काय घेऊन बसलात? आपल्याच वर्कशॉपमध्ये बनतात."

"पात्यांचं नाही, सर. नानांना विचारलं नाही, त्याचं आहे."

वर्कशॉपला पोचलो. भाऊसाहेबांनी आधी विक्री विचारली, मग भाव. एक रुपयाही सोडला नाही, हे ऐकून त्यांना खरं वाटेना. वैशालीने सगळं सांगितलं. त्यांनी रॅकवरचं एक पातं उचललं, धारेवरून नख फिरवलं.

"ही जोडी द्यायचं कुणाला विचारलं होतं?"

"कुणालाच नाही." मग एका दमात, "नाना, साइटच्या भावाखाली उतरायचं तर दादाराव काकांना स्वतःच्या कमिशनमधलं सोडावं लागलं असतं. त्यापुढं आपल्याला जोडी काहीच पडत नाही. आता त्यांचं कमिशन त्यांच्याकडं राहतं आणि पाव्हण्याच्या हातातही काहीतरी जातं."

भाऊसाहेबांनी पातं परत ठेवलं. "मंग टाका की साइटवर. पात्यांची जोडी फ्री. लाल अक्षरात."

मला पटलं. मी लगेच फोन काढला.

"नाही!" वैशाली जवळजवळ ओरडली. "लिहिलं की तेही बोलायच्यात गेलं. पाव्हणा म्हणेल, पाती तर आहेतच, आता तुमचं बोला."

भाऊसाहेब सुनेकडे बघत राहिले. मग हसले. मी तोवर 'फ्री' हा शब्द टाइप केला होता, तो गुपचूप पुसला.

त्यांनी तिथूनच दादारावांना फोन लावला. "दादाराव, किंमत साइटवर राहणार. ती कुणी सोडायची नाय. दर मशीनमागं पात्यांची एक जोडी तुमच्याकडं येत जाईल. ती कवा काढायची ते तुम्ही बघा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"च्या नाकारल्यावर," भाऊसाहेब म्हणाले. "आधी काढू नका."

जालन्याचा माल पिशोरला उतरला नाही. साइट चालू आहे आणि तिच्यावर एकच किंमत आहे, द्यायची. पात्यांच्या जोडीचा उल्लेख कुठेही नाही. एका डीलरने जोडीचं व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवलं होतं. वैशालीने त्याला फोन करून ते काढायला लावलं. डीलरची सगळी बोलणी आता तीच करते. कुणी थेट भाऊसाहेबांना फोन केलाच तर ते म्हणतात, "ते वैशालीला विचारा." त्या वर्कशॉपमध्ये याहून मोठं कौतुक आजवर कुणाचं झालेलं नाही.

साइटवर किंमत दाखवावी का, असं मला आजही क्लायंट विचारतात. पूर्वी मी लगेच हो म्हणायचो. आता आधी विचारतो, तुमच्याकडे गिऱ्हाईक एकटं येतं की कुणाला घेऊन येतं? एकटं येत असेल तर आकडा टाका आणि मोकळे व्हा. कुणाला घेऊन येत असेल तरी आकडा टाकाच, पण बरोबर आलेल्या माणसासाठी काहीतरी साइटच्या बाहेर ठेवा. आणि ते काय ठेवलंय हे वेबसाइटवाल्याला सांगू नका. तो ते लाल अक्षरात टाकेल.